रबाळे–ऐरोली केबल चर: मातीच्या उष्णतावाहकतेसाठी योहान्सन, कोते-कॉनराड की लू?

चर_आणि_केबल

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीतून निघून ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडून ऐरोलीत खाडीच्या बाजूला जाणाऱ्या २२ केव्ही केबलचं गणित चालू आहे: केबलची उष्णता माती किती वाहून नेते आणि त्यामुळे केबल किती प्रवाह पेलेल. तीन कोअरची एक्सएलपीई, बाहेरचा व्यास ८० मिमी, केबलच्या मध्यापर्यंत खोली १०५० मिमी. वाटेत आधी पारसिकच्या पायथ्याचा मुरूम, मग भराव, शेवटी भरावाखाली मरीन क्ले (खाडीतली चिकणमाती).

मुरुमाच्या टप्प्याचे आकडे: कोरडी घनता १.७० ग्रॅम/घसेमी (सँड रिप्लेसमेंटने), विशिष्ट गुरुत्व २.८०, म्हणजे सच्छिद्रता (मातीतल्या पोकळ्यांचा वाटा) ०.३९३. ओलावा पावसाळ्यानंतर १२ टक्के, मे महिन्यात ३ टक्के. चाळणीत वाळूच्या मापाचे कण निम्म्याच्या आसपास, ७५ मायक्रॉनखालचा भाग साधारण २० टक्के.

आता मातीची उष्णतावाहकता काढायची वेगवेगळ्या संशोधकांची मॉडेल्स १२ टक्के ओलाव्याला काय सांगतात ते बघा, वॅट/मी.केल्विनमध्ये. केर्स्टनचं वाळूचं सूत्र १.९२. त्याचंच चिकणमातीचं सूत्र १.२८. योहान्सन, वाळूच्या टक्क्यालाच क्वार्ट्झ धरून, १.५६. योहान्सनच, क्वार्ट्झ शून्य धरून, १.३३. रोधात (वाहकतेच्या उलट आकड्यात) सांगायचं तर ०.५२ पासून ०.७८ केल्विन.मी/वॅट. कॅटलॉगात केबलची क्षमता दिलेली असते जमिनीचं तापमान ३० अंश आणि रोध १.५ (जुन्या एककात १५० अंश.सेमी/वॅट) धरून. म्हणजे आपली माती कॅटलॉगपेक्षा दुपटीने चांगली? यावर विश्वास ठेवावा का, आणि यातलं कोणतं मॉडेल आपल्याकडे चालतं?

---

काळाकातळ

विश्वास ठेवू नका. चूक मॉडेलच्या नावात नाही, घन कणांच्या वाहकतेत आहे.

योहान्सनची (१९७५) मांडणी आधी समोर ठेवू, कारण कोते-कॉनराड (२००५) आणि लू (२००७) त्याच सांगाड्यावर उभे आहेत. मातीची पूर्ण कोरडी वाहकता आणि पूर्ण संपृक्त (सगळ्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या) वाहकता ही दोन टोकं, आणि मधला प्रवास ठरवणारा केर्स्टन अंक (कोरड्या टोकाला ०, संपृक्त टोकाला १):

वाहकता = कोरडी + (संपृक्त − कोरडी) × केर्स्टन अंक

संपृक्त वाहकता = (कणांची वाहकता) घात (१ − सच्छिद्रता) × (०.६) घात सच्छिद्रता. ०.६ ही पाण्याची वाहकता.

कणांची वाहकता काढताना योहान्सन क्वार्ट्झला ७.७ धरतो आणि बाकी खनिजांना २.०. क्वार्ट्झ २० टक्क्यांहून कमी असेल तर बाकीच्यांना ३.०. हे नियम नॉर्वेसारख्या ग्रॅनाइट-नाइसच्या मुलुखात शोभतात. आपला मुरूम हा काळ्या कातळाचा, डेक्कन ट्रॅपच्या बेसॉल्टचा झिजलेला भाग. त्यात फेल्डस्पार, पायरॉक्सिन, काचेचा अंश आणि झिजून झालेली मॉन्टमोरिलोनाइटसारखी चिकण खनिजं. पोकळ्यांत साचलेलं गारगोटीचं प्रमाण किरकोळ. बेसॉल्टची वाहकता १.७ च्या आसपास असते, आणि कोते-कॉनराडही तोच आकडा वापरतात.

'वाळू म्हणजे क्वार्ट्झ' हे समीकरण अनेक तयार प्रोग्रॅम्समध्ये गुपचूप बसवलेलं असतं. वाळू हे कणाचं माप आहे, खनिज नव्हे. आपल्याकडची वाळूच्या मापाची कच म्हणजे बारीक झालेला काळा दगड.

आता तुमचेच आकडे, फक्त कणांना १.७ देऊन. संपृक्त वाहकता १.१३ येते (३.० धरली तर १.५९, निम्मं क्वार्ट्झ धरलं तर १.८८). संपृक्तता (पोकळ्यांतला पाण्याने भरलेला वाटा) ०.५२ असताना योहान्सनचं भरड मातीचं सूत्र ०.९६ देतं, बारीक मातीचं ०.८८, कोते-कॉनराड मध्यम वाळूसाठी ०.९५, गाळ-चिकणमातीसाठी ०.८४, लू ०.९३. पाचही उत्तरं ०.८४ ते ०.९६ मध्ये. मॉडेल बदलून जेमतेम १४ टक्के फरक पडला. कणांची वाहकता १.७ वरून ३.० केली की तेच योहान्सन ०.९६ वरून १.३३ वर उडी मारतं.

केर्स्टनची १९४९ची सूत्रं इथे सोडूनच द्या. त्यांत खनिजाला जागाच नाही. फक्त ओलावा आणि घनता. ज्या मातींवर ती बसवली त्यांच्याबाहेर ती चालवू नयेत.

---

चर_आणि_केबल

पटलं. म्हणजे रोध १.०४ ते १.१९. तरीही कॅटलॉगच्या १.५ पेक्षा बराच चांगला. मग १.५ धरून मोकळं व्हावं का?

---

ओलावा

थांबा. काळाकातळ यांनी ०.५२ संपृक्ततेचं चित्र दाखवलं, तिथे सगळी मॉडेल्स एकमेकांना धरून असतात. केबल जळते ती मे महिन्यात, ३ टक्के ओलाव्याला. तिथे संपृक्तता फक्त ०.१३, आणि तिथे मॉडेल्स फाटतात.

तीच माती, कण १.७:

योहान्सन भरड ०.६०, योहान्सन बारीक ०.३७.
कोते-कॉनराड मध्यम वाळू ०.५६, गाळ-चिकणमाती ०.४५.
लू भरड ०.५७, लू बारीक ०.४०.

रोधात १.६८ पासून २.७२. ओल्या बाजूला कणांची वाहकता राज्य करते. कोरड्या बाजूला तुम्ही माती भरड गटात टाकली की बारीक, यावर उत्तर ठरतं. मॉडेल कोणाचं हा प्रश्न पुन्हा दुय्यमच.

केर्स्टन अंकाची सूत्रं लिहून ठेवतो, म्हणजे कोणालाही ताडून बघता येईल. योहान्सन भरड: ०.७ × लॉग(संपृक्तता) + १, संपृक्तता ०.०५ च्या वर असेल तरच. बारीक: लॉग(संपृक्तता) + १, ०.१ च्या वर. त्याखाली हे अंक शून्याकडे आणि पुढे ऋण होतात, म्हणजे माती पूर्ण कोरडीपेक्षाही वाईट असं निरर्थक उत्तर. लू: एक्सपोनेन्शियल[अ × (१ − संपृक्तता घात (अ − १.३३))], अ = ०.९६ भरड, ०.२७ बारीक, वाळू ४० टक्क्यांच्या वर की खाली यावर. कोते-कॉनराड: क × संपृक्तता ÷ (१ + (क − १) × संपृक्तता). क = ४.६० खडी व भरड वाळू, ३.५५ मध्यम व बारीक वाळू, १.९० गाळ व चिकणमाती, ०.६० तंतुमय सेंद्रिय माती.

कोते-कॉनराड मला इथे जवळचं वाटतं, कारण क हा चालता आकडा आहे. मुरूम धड वाळू नाही, धड चिकणमाती नाही. लू किंवा योहान्सनमध्ये त्याला एका कप्प्यात कोंबावं लागतं. क मात्र मोजून काढता येतो.

आणि लॉग म्हणजे दहाच्या पायाचा. एक्सेलच्या पानावर लॉग दहाचाच असतो, पण त्याच एक्सेलच्या मॅक्रोत आणि पायथनमध्ये साधा लॉग नैसर्गिक असतो. सूत्र एकीकडून दुसरीकडे उचललं की उत्तर गप्पकन कमी येतं आणि कोणाला संशयही येत नाही.

---

बाळकुम_नाका

एक शंका. 'सॉइल रेझिस्टिव्हिटी'चा अहवाल बहुतेक साइटवर असतोच की. तो का वापरू नये?

---

सुई_प्रोब

तो अर्थिंगसाठीचा विद्युत रोध असतो, चार खुंट्या ठोकून काढलेला, ओहम-मीटरमध्ये. उष्णतेच्या रोधाशी त्याचा थेट संबंध नाही. खाडीकाठची खारी माती विजेला अतिशय सुवाहक असते, पण मिठामुळे पाण्याची उष्णतावाहकता बदलते ती नगण्य. एकक बघा, लगेच कळेल.

उष्णतेसाठी सुईची चाचणी, एएसटीएम डी५३३४. बारीक पोलादी सुई, आत हीटर आणि तापमापक. ठरावीक वॅट प्रति मीटर देत राहायचं, तापमान आणि वेळेचा नैसर्गिक लॉग यांचा आलेख काढायचा. वाहकता = वॅट प्रति मीटर ÷ (४ × पाय × चढ), पाय म्हणजे ३.१४. उदाहरणार्थ ५ वॅट/मी. आणि चढ ०.४२ अंश असेल तर ०.९५. आलेखाचा सुरुवातीचा वाकडा भाग सुईच्या स्वतःच्या धातूचा आणि स्पर्शाचा असतो, शेवटचा साच्याच्या भिंतीचा. मधला सरळ तुकडाच घ्यायचा.

मुरुमात काय बिघडतं तेही सांगतो. सुई ठोकून घालू नका, ती वाकते आणि भोक रुंद होतं. सुईच्याच मापाच्या ड्रिलने आधी भोक पाडा. कोरड्या नमुन्यात सुईभोवती हवेची फट राहते आणि वाहकता खरीपेक्षा कमी दिसते, म्हणून सुईला थर्मल ग्रीस लावा. सुई घातल्यावर किमान १५ मिनिटं थांबा, तापमान स्थिर झाल्याशिवाय हीटर लावू नका. उघड्या चरात दुपारच्या उन्हात घेतलेलं रीडिंग फेकून द्यावं, कारण मातीच स्वतः तापत असते. ओल्या भरड नमुन्यात हीटर फार वेळ चालू ठेवला तर सुईजवळचं पाणी पळतं. कमी वॅट, कमी वेळ.

ओलावा यांनी सांगितलेला क काढायचा असा. चरातल्या घनतेलाच साच्यात नमुना कुटा (साचा एवढा की सुईभोवती सगळीकडे ५ सेमी तरी माती राहील). पाण्यात ठेवून संपृक्त करा, मोजा. मग थोडा सुकवा, झाकण लावून एक दिवस ठेवा म्हणजे ओलावा आतबाहेर सारखा होईल, वजन करा, मोजा. असे चार-पाच टप्पे. शेवटी ओव्हनमध्ये १०५–११० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत, थंड करून शेवटचं रीडिंग. ओव्हनमधून काढलेला गरम नमुना लगेच मोजू नका.

हिशेब उदाहरणाने दाखवतो, हे आकडे प्रत्यक्ष चाचणीचे नाहीत. समजा संपृक्त १.१५, पूर्ण कोरडी ०.२७, आणि संपृक्तता ०.२५ ला ०.६६ मिळाली. केर्स्टन अंक = (०.६६ − ०.२७) ÷ (१.१५ − ०.२७) = ०.४४. क = अंक × (१ − संपृक्तता) ÷ [संपृक्तता × (१ − अंक)] = साधारण २.४. म्हणजे १.९० आणि ३.५५ यांच्या मधोमध कुठेतरी, मुरुमाला साजेसा. आता ०.१३ संपृक्ततेला हाच क लावला की वाहकता ०.५०, रोध २.०. १.६८ ते २.७२ ची दरी तीन रीडिंग्जनी मिटली.

त्याच संपृक्त रीडिंगवरून कणांची वाहकताही उलट काढता येते: (संपृक्त ÷ ०.६ घात सच्छिद्रता), या सगळ्याचा घात १ ÷ (१ − सच्छिद्रता). १.१५ असेल तर १.७५ येईल. ३ च्या जवळ आली तर आधी घनता पुन्हा तपासा.

---

काळाकातळ

+१. घनतेबद्दल पुस्ती जोडतो. कोअर कटर मुरुमात चालत नाही, दगडाला अडून कड दुमडते आणि घनता काहीही येते. आयएस २७२० च्या भाग २८ची सँड रिप्लेसमेंट पद्धतच हवी, चर_आणि_केबल यांनी तीच घेतली आहे हे चांगलं. मुरुमाचा तोच नमुना परत परत भिजवून कुटू नका. ढेकळं विरघळून बारीक माती होते आणि क खाली सरकतो. प्रत्येक घनतेला नवा नमुना.

---

चर_आणि_केबल

म्हणजे मे महिन्याला मुरूम २.०. तर मग कॅटलॉगचं १.५ धोक्याचं ठरलं. क्षमता किती घटेल?

---

ओलावा

एकट्या केबलसाठी बाहेरच्या मातीचा रोध = मातीचा रोध ÷ (२ × पाय) × नैसर्गिक लॉग(४ × खोली ÷ व्यास), आयईसी ६०२८७ च्या सूत्राचं सोपं रूप. तुमच्या मापांना लॉग ३.९६. १.५ ला बाहेरचा रोध ०.९४५ येतो. केबलच्या आतला सगळा मिळून ढोबळ ०.५ धरू, खरा आकडा उत्पादकाकडून घ्या. विद्युतप्रवाह एकूण रोधाच्या वर्गमुळाच्या उलट्या प्रमाणात. २.० मातीला प्रवाह कॅटलॉगच्या ०.९१ पट, २.५ मातीला ०.८३ पट.

आता याच लॉगमधून निघणारी एक गोष्ट, आणि या धाग्यात मला तीच सर्वात महत्त्वाची वाटते. ३.९६ चा निम्मा भाग केबलच्या मध्यापासून २९ सेमीच्या आतच संपतो. मातीतला अर्धा तापमान-उतार त्या एवढ्याशा वर्तुळात होतो. तिथे मुरूम नसतोच, तिथे असते केबलखाली-वर पसरलेली वाळू. मॉडेल्सची सगळी तुलना मुरुमावर आणि केबल झोपलेली वाळूत.

एकसारख्या दाण्याची धुतलेली वाळू, घनता १.५५: कोते-कॉनराडचं कोरड्या मातीचं सूत्र, ०.७५ × १० घात (−१.२ × सच्छिद्रता), ०.२४ देतं. योहान्सनचं, (०.१३५ × घनता + ६४.७) ÷ (२७०० − ०.९४७ × घनता), घनता किलो/घमीमध्ये, ०.२२ देतं. (इथे ग्रॅम/घसेमी टाकलं की उत्तर हमखास चुकतं.) रोध ४ च्या वर. कण क्वार्ट्झचे असले तरी कोरड्यात फारसा फायदा नाही, कारण उष्णता दाण्याच्या टोकाटोकांतूनच जाते. आणि ही वाळू पाणी धरतही नाही, केबल तापली की सर्वात आधी तीच सुकते.

---

चर_आणि_केबल

मग इथल्याच काळ्या दगडाची क्रशर डस्ट (दगड फोडताना पडणारा बारीक चुरा) चालेल? दगड तोच, १.७ चा.

---

काळाकातळ

चालेल, आणि वाळूपेक्षा कितीतरी चांगली. इथे दगडाच्या जातीपेक्षा घनता महत्त्वाची. नीट चढत्या मापाची डस्ट कुटून २.०५ ला बसली (विशिष्ट गुरुत्व २.८५) तर सच्छिद्रता ०.२८. चुरलेल्या दगडासाठी कोते-कॉनराडचं कोरडं सूत्र वेगळं आहे, १.७० × १० घात (−१.८ × सच्छिद्रता), कारण कोनेदार दाणे एकमेकांत रुततात. ०.५३ येतं, रोध १.९. ४ टक्के ओलावा राहिला तर रोध १.०. वाळूच्या ४ शी ताडून बघा.

पण मागवताना 'डस्ट'च म्हणा. काँक्रीटसाठी मिळते ती वॉश्ड क्रश सँड. तिच्यातली ७५ मायक्रॉनखालची भुकटी धुऊन काढलेली असते, आणि नेमकी तीच भुकटी आपल्याला हवी. ती पोकळ्या भरते आणि पाणी धरून ठेवते. उलट ४.७५ मिमीच्या वरची चिप्स चाळून काढा, धारदार कपची केबलच्या बाहेरच्या आवरणात रुतते. आयएस २७२० भाग ८च्या जड प्रॉक्टरने (कोणत्या ओलाव्याला माती सर्वात घट्ट कुटली जाते ते बघणारी चाचणी) योग्य ओलावा काढा, त्या ओलाव्याला १५० मिमीचे थर. केबलच्या वरचा पहिला १०० मिमी हाताच्या धुम्मसाने, प्लेट कॉम्पॅक्टर त्यानंतर. कोरडी डस्ट ओतून वरून टँकरने पाणी मारणं म्हणजे कुटणं नव्हे. भुकटी खाली वाहून जाते आणि वर पोकळ चाळ उरते.

रस्त्याखाली, जिथे परत कुटता येणार नाही, तिथे १४ भाग डस्टला १ भाग सिमेंट, आकारमानाने. पुढे खोदावं लागलं तर खोदताही येतं.

---

बाळकुम_नाका

खाडीकाठच्या टप्प्यात हेच? आमच्या बाळकुम-कोलशेतच्या बाजूला भरावात विटा, काँक्रीटचे तुकडे, सगळा राडारोडा असतो.

---

सुई_प्रोब

राडारोड्याला कुठलंच मॉडेल लावू नका. सच्छिद्रता म्हणून जो आकडा येईल त्यात तळहाताएवढ्या पोकळ्या धरलेल्या नसतात. केबलभोवती २५ सेमीपर्यंत तो काढून टाका, डस्ट भरा, बाहेरच्या भागाला सावध आकडा द्या.

मरीन क्लेचं गणित संपृक्त असेतोवर सोपं. ७० टक्के ओलावा, सच्छिद्रता ०.६५, कण २.०: संपृक्त वाहकता ०.९१, रोध १.१. इथे कणांचा आकडा १.७ की ३.० यानेही फार बिघडत नाही, कारण दोन-तृतीयांश जागा पाण्याचीच. बिघडतं ते सुकल्यावर. सगळी मॉडेल्स सच्छिद्रता स्थिर धरतात, आणि ही माती सुकताना आक्रसते, भेगा पडतात, केबलपासून सुटते. म्हणून तिची 'कोरडी वाहकता' सूत्राने काढू नका, आणि ओव्हनमधल्या भेगाळलेल्या गोळ्यात सुई घालून मिळालेल्या रीडिंगलाही अर्थ नाही. केबल कायम पाण्याखाली आहे की नाही एवढंच ठरवा. छिद्रांचा पाइप उभा करून मे महिन्यात, ओहोटीच्या वेळची पातळी बघा. पावसाळ्यातली पातळी काहीच सांगत नाही. पातळी केबलच्या खाली जात असेल तर क्ले चरात परत टाकू नका.

---

चर_आणि_केबल

सर्वांचे आभार. मुरुमाच्या टप्प्याचं गणित पुन्हा मांडलं, चूक असेल तर सांगा. केबलच्या मध्यापासून २९ सेमी डस्ट, त्यापुढे मुरूम २.०.

डस्ट ओलसर (१.०): बाहेरचा रोध ०.९४५ च्या आसपास, म्हणजे कॅटलॉगइतकाच. डस्ट पूर्ण सुकली (१.९): १.२३, प्रवाह ०.९१ पट. नेहमीची ७५ मिमी वाळू, सुकलेली (४.२), बाहेर मुरूम: १.६३, प्रवाह ०.८२ पट.

०.९१ धरतोय. चराची रुंदी ६०० मिमी करावी लागेल.

---

ओलावा

बरोबर आहे. चर चौकोनी असतो आणि आपण वर्तुळ धरलं, तेवढी ढोबळता चालेल. दोन गोष्टी बघा. मुरुमाचा २.० हा उदाहरणाच्या क वरून आलाय, तुमच्या नमुन्याची तीन रीडिंग्ज आल्याशिवाय तो अंतिम करू नका. आणि पुढेमागे दुसरी केबल शेजारी टाकायची असेल तर ०.९१ उरत नाही, ते गणित वेगळं करावं लागेल.

---

काळाकातळ

घनतेची अट ठेक्याच्या कागदात 'प्रॉक्टरच्या ९५ टक्के' एवढीच लिहू नका, सोबत कोरडी घनता २.०५ हा आकडाही लिहा. डस्टचा लॉट बदलला की प्रॉक्टर बदलतो, ९५ टक्के पाळूनही घनता १.९० ला बसू शकते. १.९० ला सच्छिद्रता ०.३३ आणि कोरडा रोध २.३ होतो. दर लॉटची चाळणी, आणि केबलच्या पातळीला चाचणी घ्यायची तर वरचा थर टाकण्याआधी. नंतर तिथे पोचता येत नाही.